सायलेन्सरच्या पाईपातला साक्षीदार

जुनी पेट्रोल कार एकाएकी अ‍ॅव्हरेज देईनाशी झाली, मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा विझेनासा झाला, की गॅरेजात ठरलेलं वाक्य ऐकू येतं: ‘ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलावा लागेल.’ फुलचूरसारख्या ठिकाणी ते मान्य करण्यावाचून गाडीवाल्याला सहसा इलाज नसतो. गोंदिया शहराला चिकटलेलं हे गाव. तेल बदलणं, ब्रेकचं काम, प्लग साफ करणं इथेच होऊन जातं. पण पंधरा वर्षं जुन्या मॉडेलचा खास सुटा भाग लागला, तर तो बहुधा नागपूरहून मागवायचा. आणि इलेक्ट्रिकचा माल एकदा गाडीला लागला की दुकानदार तो परत घेत नाही. पैसे गेले, आठवडा गेला, आणि नवा सेन्सर बसवूनही दिवा पुन्हा लागला, असं अनेकांचं होतं. म्हणून या प्रकरणात माझा आग्रह एकच आहे. सेन्सर काय सांगतोय ते आधी मोजायचं, आणि त्याला दोषी ठरवायचं की नाही ते नंतर पाहायचं.

आधी हे कोणत्या गाड्यांबद्दल आहे ते सांगतो. साध्या कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या गाडीत हा सेन्सर शोधू नका. त्याची गरज पडली ती धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरमुळे. भारतात 1 एप्रिल 1995 पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल कारला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसं या कन्व्हर्टरला निकामी करतं, त्यामुळे शिसेविरहित पेट्रोल लागलं. ते देशभर फेब्रुवारी 2000 मध्ये आलं. त्याच वर्षी युरो-1 च्या धर्तीवरचे नियम देशभर लागू झाले, 2005 मध्ये भारत स्टेज 2 आणि 2010 मध्ये भारत स्टेज 3. भारत स्टेज 4 ची सक्ती 2010 मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर धरून 13 शहरांत झाली; गोंदिया जिल्ह्यापर्यंत ती पोचायला 1 एप्रिल 2017 उजाडला. म्हणून एमएच 35 पाटीच्या जुन्या कारमध्ये आधीच्या पिढीच्या नियमांनुसार बनलेल्या गाड्या भरपूर सापडतात. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या, इंजिनाच्या मारुती 800, अल्टो, वॅगन-आर, सँट्रो यांपैकी ज्यांना पंधरा वर्षं होऊन गेली आणि ज्यांची नोंदणी नव्याने करून घ्यायची आहे किंवा घेतली आहे, त्या गाड्या इथे डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत.

सेन्सर कुठे असतो? इंजिनाच्या सिलिंडरांतून जळलेला वायू ज्या मॅनिफोल्डमधून सायलेन्सरकडे जातो, त्यात किंवा त्याच्या लगेच खाली, कन्व्हर्टरच्या अलीकडे. बाहेरून तो एखाद्या जाड स्पार्क प्लगसारखा दिसतो आणि त्यातून एक ते चार वायरी निघतात. नंतरच्या काळातल्या गाड्यांत कन्व्हर्टरच्या पलीकडे दुसरा सेन्सरही असतो. त्याचं काम कन्व्हर्टर नीट चालतो की नाही हे पाहणं. इथे आपला संबंध पहिल्याशी.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. हवा याहून कमी पडली तर धुरात कार्बन मोनॉक्साईड आणि न जळलेलं पेट्रोल वाढतं. जास्त झाली तर ऑक्सिजन उरतो, आणि नायट्रोजनची ऑक्साईडं कन्व्हर्टरमध्ये फोडली जात नाहीत. कन्व्हर्टर हे तिन्ही विषारी वायू एकाच वेळी निस्तरतो, पण हे प्रमाण 14.7 च्या अगदी जवळ असेल तरच. माणसाच्या कानाने किंवा स्क्रू फिरवून इतकं बारीक प्रमाण राखता येत नाही. म्हणून इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो, धुरात किती ऑक्सिजन उरला ते सेन्सरला विचारतो, आणि पेट्रोल किंचित वाढवतो किंवा कमी करतो. चालत्या गाडीत हे सेकंदा-दोन सेकंदाला अखंड सुरू असतं.

यामागचं विज्ञान मोटारगाडीइतकंच जुनं आहे आणि मला ते फार आवडतं. वाल्थर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने 1889 मध्ये एक समीकरण मांडलं. एखाद्या पदार्थाच्या दोन बाजूंना एकाच द्रव्याचं प्रमाण वेगवेगळं असेल, तर त्या फरकातून किती विद्युतदाब तयार होईल ते त्यातून काढता येतं. त्याच नेर्न्स्टने 1897 च्या सुमारास एक दिवा बनवला. त्याची कांडी झिर्कोनियम ऑक्साईडमध्ये यिट्रियम ऑक्साईड मिसळून केलेली होती. थंड असताना ही कांडी वीज वाहून नेत नसे. आधी बाहेरून तापवली की मगच ती वाहक होऊन झळाळू लागे. दिव्याच्या बाजारात टंगस्टनच्या तारेने तिला मागे टाकलं. नेर्न्स्टला 1920 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी. पण झिर्कोनिया आणि यिट्रियाचं तेच मिश्रण आज ऑक्सिजन सेन्सरच्या पोटात आहे. तापल्याशिवाय काम न करण्याची त्याची जुनी सवयही तशीच कायम आहे.

सेन्सरमध्ये या मिश्रणाची बोटाच्या टोकासारखी पोकळ टोपी असते आणि तिच्या आतल्या-बाहेरच्या अंगाला प्लॅटिनमचा सच्छिद्र थर असतो. बाहेरून धूर, आतून साधी हवा. साधारण 300 ते 350 अंश सेल्सिअसच्या वर ऑक्सिजनचे आयन तिच्यातून सरकू लागतात आणि दोन बाजूंमध्ये व्होल्टेज तयार होतं. गणित करून पाहिलं तर गंमत कळते. सुमारे 600 अंशांना धुरात एक टक्का ऑक्सिजन उरला असेल तर हवेतल्या 21 टक्क्यांच्या तुलनेत जेमतेम 0.06 व्होल्ट मिळतात. पण पेट्रोल थोडं जास्त झालं की प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर उरलासुरला ऑक्सिजन जळून जातो, त्याचं प्रमाण कोट्यवधी-अब्जावधी पटींनी घसरतं, आणि व्होल्टेज एकदम 0.8-0.9 वर उडी मारतं. म्हणजे हा सेन्सर ‘किती जास्त, किती कमी’ हे नीट सांगत नाही, 14.7 च्या या बाजूला की त्या बाजूला एवढंच ठासून सांगतो. मधली रेषा 0.45 व्होल्टची. जर्मनीच्या बॉश कंपनीने बनवलेला असा सेन्सर 1976 मध्ये अमेरिकेच्या बाजारासाठीच्या व्होल्वो गाड्यांत प्रथम आला. नुसत्या धुराच्या उष्णतेवर तो तापायला वेळ घेई, म्हणून 1982 मध्ये बॉशने आत छोटा हीटर घातला. चार वायरींपैकी दोन, बहुधा एकाच रंगाच्या, त्या हीटरच्या असतात.

हीटर नसलेला सेन्सर साधारण 50 ते 80 हजार किमी टिकतो, हीटरवाला लाखभर किमी, आणि नंतरच्या चपट्या रचनेचा त्याहूनही बराच जास्त. हा आयुष्याचा अंदाज झाला. त्याआधी तो मरतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याला कोणीतरी मारलेलं असतं. झिजलेल्या रिंगांतून वर येणारं इंजिन ऑईल जळलं की त्यातल्या फॉस्फरस-झिंकचा लेप टोकावर बसतो. हेड गॅसकेट फुटून कूलंट धुरात गेलं तरी तेच. तिसरं कारण गॅरेजातलं, आणि ते टाळणं सर्वांत सोपं आहे. गॅसकेटऐवजी किंवा गॅसकेटबरोबर साधं सिलिकॉन सीलंट फासलं जातं. त्याची वाफ इंजिनात गेली की सेन्सरच्या टोकावर पांढरा थर धरतो आणि सेन्सर कायमचा मंदावतो. ट्यूबवर ‘ऑक्सिजन सेन्सर सेफ’ असं लिहिलेलं सीलंटच वापरायला सांगा.

या भागाला लागू पडणारी आणखी दोन कारणं आहेत. पावसाळ्यात नाल्यावरून पाणी वाहत असताना गाडी त्यातून काढली, की लालबुंद तापलेल्या पाईपावर थंड पाणी आपटतं आणि सिरॅमिकला तडा जाऊ शकतो. आणि धानाची कोठी किंवा राईस मिलच्या आसपास रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर शिरतात. वायर कुरतडलेली असेल तर सेन्सर निर्दोष असूनही त्याचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही. म्हणून पहिलं काम हातात मीटर घेण्याचं नव्हे. बॉनेट उघडा, सेन्सरपासून निघालेली वायर कपलरपर्यंत डोळ्यांनी आणि बोटांनी तपासा, कपलर काढून पिना हिरव्या पडल्यात का ते पाहा.

आता मुख्य मुद्दा. सेन्सर हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराने न आवडणारी गोष्ट सांगितली म्हणून तो खोटा ठरत नाही. स्कॅनरवर ‘मिश्रण पातळ’ असा पी 0171 कोड आला तर तो सेन्सर बिघडल्याचा पुरावा नाही; बहुतेक वेळा मिश्रण खरंच पातळ असतं. इनटेकची रबरी नळी चिरलेली, पेट्रोलचा फिल्टर तुंबलेला, पंपाचा दाब कमी, अशी कारणं आधी बघावी लागतात. ‘मिश्रण जाड’ म्हणणारा पी 0172 आला तर ठिबकणारा इंजेक्टर, मळलेला एअर फिल्टर, किंवा इंजिन थंडच आहे असं खोटं सांगणारा पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. यांपैकी काही सापडलं नाही, तर मग ऑक्सिजन सेन्सरकडे वळायचं.

दोन गोष्टी तर चांगल्या मेकॅनिकलाही फसवतात. एक, मिसिंग. एखादा प्लग पेटत नसेल तर त्या सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता बाहेर पडतात. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. त्याला भरपूर ऑक्सिजन दिसतो आणि तो ‘पातळ’ म्हणतो. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येतो, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि दोष सेन्सरवर जातो. खरा गुन्हेगार शे-दोनशे रुपयांचा प्लग. दोन, मॅनिफोल्डच्या गॅसकेटची गळती. धूर बाहेर फेकला जातो त्याच फटीतून, धुराच्या दाबाच्या चढउतारात बाहेरची हवा आतही ओढली जाते, आणि सेन्सरला नसलेला ऑक्सिजन दिसतो. थंड इंजिन चालू केल्यावर पहिल्या मिनिटात ‘टक् टक्’ आवाज येऊन गरम झाल्यावर कमी होत असेल, तर आधी ती फट शोधा.

चाचणीसाठी महागडं यंत्र लागत नाही. डिजिटल मल्टिमीटर पुरे. 2013 नंतरच्या भारत स्टेज 4 च्या पेट्रोल कारमध्ये ओबीडी-2 ची, म्हणजे दोष ठरावीक कोडने सांगणाऱ्या व्यवस्थेची, सक्ती आहे, तिथे साध्या ब्लूटूथ यंत्राने मोबाईलवर व्होल्टेजचा आलेखही बघता येतो. त्याआधीच्या कित्येक गाड्या कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतात; त्यांना जुना ब्रँड ओळखणारा स्कॅनर लागतो, नाहीतर दिव्याची लुकलुक मोजून कोड वाचावा लागतो. तो कसा वाचायचा ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. मीटर मात्र सगळ्यांना चालतो.

गाडी उघड्यावर उभी करा. बंद शेडमध्ये ही चाचणी कधीही करू नका. न्यूट्रलला चालणाऱ्या इंजिनातला कार्बन मोनॉक्साईड वास न देता माणूस मारतो. इंजिन चांगलं गरम होऊ द्या, पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत. मीटर डीसी 2 व्होल्टवर ठेवा. कपलर जोडलेलाच राहू द्या आणि सिग्नलच्या वायरीत पाठीमागून बारीक पिन सरकवा. वायरीचं आवरण भोसकू नका, पाणी शिरतं. बऱ्याच चार वायरींच्या सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी अर्थिंगची असते. सगळ्या कंपन्या हेच रंग पाळत नाहीत, म्हणून आकृती पाहून खात्री करा.

इंजिन दोन ते अडीच हजार आरपीएमवर धरा. निरोगी सेन्सरचं व्होल्टेज 0.1 आणि 0.9 च्या दरम्यान सारखं खालीवर होतं. दहा सेकंदांत आठ-दहा वेळा तरी 0.45 ची रेषा ओलांडली जावी. मग ॲक्सिलरेटर झटक्यात दाबून सोडा. दाबताना आकडा 0.8 च्या वर आणि सोडल्यावर, पेट्रोल बंद झाल्याने, 0.2 च्या खाली गेला पाहिजे. एवढं झालं तर सेन्सर जिवंत आहे, आणि तो जे ‘पातळ’ किंवा ‘जाड’ सांगत होता ते खरं होतं. दोष इतरत्र शोधा. आकडा सुस्तपणे, दोन-तीन सेकंद घेऊन सरकत असेल तर सेन्सर म्हातारा झाला. 0.45 च्या आसपास खिळून राहिला तर सेन्सर थंड आहे किंवा वायर तुटली आहे; अनेक कॉम्प्युटर स्वतःच तेवढं व्होल्टेज त्या वायरीवर ठेवतात, त्यामुळे तो आकडा सेन्सरचा नसतोच. खाली शून्याशी चिकटला तर गळती, मिसिंग आणि अर्थिंग तपासल्याशिवाय निकाल देऊ नका.

हीटर वेगळा तपासायचा. इंजिन थंड असताना कपलर काढून हीटरच्या दोन वायरींमधला रोध मोजा. साधारण 3 ते 15 ओहमच्या आत असेल तर ठीक. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला, सेन्सर बदला. हीटर शाबूत आणि तरीही पी 0135 येत असेल, तर चावी चालू करून गाडीच्या बाजूच्या कपलरवर 12 व्होल्ट येतात का ते पाहा. जळालेल्या फ्यूजमुळे बदललेले सेन्सर कमी नसतील. सिग्नलच्या वायरीवर ओहमचा मीटर मात्र लावू नका.

आता बदलणं. इथे घाईने आटे जातात, आणि मॅनिफोल्डचे आटे गेले की सेन्सरच्या कितीतरी पट खर्च होतो. आदल्या रात्री थंड इंजिनावर आट्यांशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी इंजिन थोडं चालवून पाईप कोमट करा; हात भाजणार नाही इतपतच. कपलर सोडवा, 22 चा पाना किंवा वायर बाहेर काढायला फट असलेला खास सॉकेट लावा. साधा उघड्या तोंडाचा पाना निसटून कोपरे गोल करतो. निघत नसेल तर थोडं घट्ट, थोडं सैल, असं मागेपुढे करत काढा.

नवा सेन्सर शक्यतो त्या मॉडेलच्या मूळ कपलरसह घ्या. वायरी जोडून बसवायचा सार्वत्रिक सेन्सर स्वस्त पडतो. पण त्या जोडांना सोल्डर लावू नका, दाबून बसणारे जोडच वापरा. कित्येक सेन्सर आतली संदर्भाची हवा वायरीच्या बारीक तारांमधूनच घेतात. त्याच कारणासाठी कपलरमध्ये ग्रीस भरू नये. आट्यांना गंजरोधक पेस्ट लागते. ती नव्याला बहुधा लावूनच येते. नसेल तर फक्त आट्यांना लावा, टोकाला एक थेंबही नको. सेन्सर खाली पडला असेल तर तो बसवू नका. आतलं सिरॅमिक फुटलं असेल आणि बाहेरून कळणार नाही. आधी हाताने पूर्ण फिरवा, मग 18 मिलिमीटरच्या आट्यांच्या सेन्सरसाठी 40 ते 60 न्यूटन-मीटरपर्यंत कसा. वायर पाईपाला टेकणार नाही अशी बांधा. शेवटी कोड पुसून टाका.

काढलेला जुना सेन्सर टाकून देण्याआधी त्याचं टोक पाहा. काळी कोरडी काजळी म्हणजे मिश्रण जाड होतं, पांढरा खडूसारखा थर म्हणजे सिलिकॉन किंवा कूलंट, तपकिरी चिकट लेप म्हणजे ऑईल. रंग हा पूरक पुरावा आहे, पण ऑईल जाळणाऱ्या इंजिनात नवा सेन्सर घालून काही महिन्यांत तोही मरणार हे आधीच कळलेलं बरं. जुना सेन्सर ब्रशने घासून किंवा पेट्रोलमध्ये बुडवून पुन्हा वापरण्याचा उद्योग करू नका. प्लॅटिनमचा थर त्यात उरत नाही.

सेन्सर धडधाकट ठेवण्याला आता एक नवं कारण जोडलं गेलं आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 2022 पासून 10 टक्के आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. हे इथेनॉल उसापासून, मक्यापासून आणि तांदळापासूनही बनतं, म्हणजे धानाच्या या जिल्ह्याला ते परकं नाही. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने 20 टक्के मिश्रणाला 14.7 ऐवजी साडेतेराच्या आसपास हवा पुरते. सेन्सर धडधाकट असेल तर तो पातळपणा ओळखतो आणि कॉम्प्युटर सात-आठ टक्के पेट्रोल वाढवून देतो. बहुतेक गाड्यांच्या दुरुस्तीच्या मर्यादेत ते बसतं. सेन्सर मेलेला असेल तर कॉम्प्युटर जुन्या ठरावीक हिशेबानेच पेट्रोल सोडत राहतो. जुन्या गाडीत या सेन्सरची किंमत त्यामुळे पूर्वीपेक्षा वाढली आहे.

काम झाल्यावर गाडी गरम करून पीयूसी केंद्रावर न्या आणि प्रमाणपत्रावरचे आकडे स्वतः वाचा. भारत स्टेज 2 आणि 3 च्या पेट्रोल कारला न्यूट्रलवर कार्बन मोनॉक्साईड 0.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 750 पीपीएम ही मर्यादा आहे. भारत स्टेज 4 पासून ती 0.3 टक्के आणि 200 पीपीएम. सेन्सर बदलण्याच्या आदल्या दिवशीही असाच एक कागद घेऊन ठेवा. दोन कागदांवरच्या आकड्यांत फरक पडला नसेल, तर दोष अजून गाडीतच आहे. पुढच्या कामाला पैसे देण्याआधी मेकॅनिकसमोर दोन्ही कागद ठेवा आणि प्लग, गॅसकेट, इंजेक्टर यांपासून पुन्हा सुरुवात करायला सांगा.